जुन्या मोटारीची एकच चावी उरली आहे. दुसरी चावी आणि रिमोट कसा करून घ्यावा?

दुपारची_सावली :

नमस्कार. माझी मोटार २००४ सालची असून मी तिची तिसरी मालक आहे. आधीच्या मालकांनी व्यवहाराच्या वेळी एकच चावी दिली, दुसरी सापडली की पोहोचवू असे सांगितले आणि ती अर्थातच कधी सापडली नाही. रिमोटची दोन बटणे या चावीच्या मुठीतच आहेत. गेल्या काही महिन्यांपासून दार उघडायचे बटण तीन-चार वेळा दाबावे लागते, नवा सेल घालूनही त्यात फरक पडलेला नाही, आणि चावीचे पातेही इतके झिजले आहे की दाराच्या कुलपात ते किंचित वर उचलून धरल्याशिवाय फिरत नाही.

मी तीन ठिकाणी चौकशी केली आणि तीन वेगळी उत्तरे घेऊन परतले. एका सेवाकेंद्राने सांगितले की सगळी कुलपे आणि इंजिनाचे नियंत्रण करणारा भाग असा पूर्ण संचच बदलावा लागेल. एका चावीवाल्याने अर्ध्या तासात हुबेहूब चावी करून देण्याची तयारी दाखवली. तिसऱ्याचे म्हणणे असे, की वापरलेला रिमोट कुठूनही मागवा, आम्ही तो जोडून देऊ. एकाच चावीबद्दल इतकी वेगवेगळी उत्तरे कशी येतात, आणि यांतले कोणाचे ऐकावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कुलूपबंद :

तिघेही कदाचित खरेच बोलत असतील, कारण तुमच्या हातात एक चावी दिसत असली तरी तिच्यात तीन स्वतंत्र वस्तू आहेत आणि तिघे तीन वस्तूंबद्दल बोलत आहेत. पहिली म्हणजे कुलूप फिरवणारे धातूचे पाते. दुसरी म्हणजे मुठीत दडलेली, तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढी चिप, जिच्यामुळे इंजिन चालू राहते. तिसरी म्हणजे दारे लांबून उघडणारा रिमोट. या काळातल्या बहुसंख्य गाड्यांमध्ये चिप आणि रिमोट यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. रिमोट पूर्ण मेला तरी गाडी चालू होते, आणि रिमोट उत्तम चालत असूनही चिप नसेल तर गाडी जागची हलत नाही.

चिपला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचे एक वेटोळे असते. तुम्ही चावी फिरवली की ते साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरी सोडते, त्यातूनच चिपला क्षणापुरती ऊर्जा मिळते आणि ती आपली ओळख कळवते. ओळख पटली नाही तर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखण्यासाठी गाडीत बसवलेली यंत्रणा, इंधन किंवा ठिणगी तोडतो. रिमोट मात्र सेलवर चालतो आणि प्रदेशानुसार ४३३.९२ किंवा ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतो, म्हणजे त्याचे ऐकणारा भागही निराळा असतो.

तेव्हा आधी चिप आहे की नाही ते पाहा. युरोपीय संघात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर बंधनकारक झाला, त्यामुळे त्या बाजारासाठी बनलेल्या २००४ च्या गाडीत तो असणारच. इतरत्र मात्र त्याच मॉडेलची गाडी चिपशिवायही विकली गेलेली असू शकते. चावीच्या मुठीवर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल तीन-चार पदरी घट्ट गुंडाळा आणि गाडी चालू करून पाहा. इंजिन चालूच झाले नाही किंवा दोन सेकंदांत बंद पडले, आणि मीटरवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकला, तर चिप आहे.

पात्याबद्दल एकच आग्रह धरीन : झिजलेल्या चावीची नक्कल करून घेऊ नका. नक्कल करणारे यंत्र खाचांबरोबर झीजही इमानदारीने उतरवते, आणि तुमची नवी चावी पहिल्या दिवसापासून वीस वर्षांची म्हातारी असेल. गाडी नवी असताना चावीबरोबर धातूची किंवा प्लॅस्टिकची एक छोटी पट्टी दिलेली असते, तिच्यावर चावीचा सांकेतिक क्रमांक असतो. पट्टी हरवली असेल तर काही गाड्यांमध्ये तो दाराच्या किंवा डॅशबोर्डमधल्या कप्प्याच्या कुलपावर कोरलेला सापडतो. त्या क्रमांकावरून कापलेली चावी मूळ मापाची येते. क्रमांक कुठेच मिळाला नाही, तरी कसबी कारागीर झिजलेल्या खाचेची खोली मोजून ती मूळ कोणत्या मापाची असावी हे ठरवू शकतो, कारण ही मापे ठरावीक पायऱ्यांचीच असतात.

अर्धा_स्क्रू :

वरच्या प्रतिसादातील चिपच्या मुद्द्याला माझ्या मूर्खपणाची जोड देतो. माझ्या चावीचे कवच तडकले होते म्हणून मी रिकामे नवे कवच मागवले, जुने फोडून रिमोटची पट्टी आणि सेल नव्यात बसवले, पातेही बदलले आणि जुने कवच कचऱ्यात टाकले. दारे झकास उघडली. इंजिन मात्र दोन सेकंद गुरगुरले आणि थांबले. चिप रिमोटच्या पट्टीवर नसून कवचाच्या एका कोपऱ्यात गोंदाने चिकटवलेली होती, हे मला कळले तेव्हा कचरा केव्हाच गेला होता आणि माझ्याकडे दुसरी चावी नव्हती. गाडी ओढून न्यावी लागली. ती चिप म्हणजे काळा, खडूच्या तुकड्यासारखा दिसणारा ठोकळा असतो, आणि ज्याला माहीत नाही त्याला तो भरावाचा प्लॅस्टिकचा तुकडाच वाटतो.

असे असले तरी तुमचा रिमोट मेलेला नाही, असे माझे मत आहे. तीन-चारदा दाबल्यावर का होईना तो चालतो, म्हणजे त्याचे नाते गाडीशी अजून टिकून आहे. दोष बहुधा बटणाखालच्या इवल्या स्विचमध्ये किंवा सेल धरणाऱ्या पत्र्याच्या झाळलेल्या सांध्यात आहे. चावी अनेकदा खाली पडली की हा सांधा केसाएवढा तडकतो. मोबाईल दुरुस्त करणारा कोणीही हे काम सहज करील. सेलही पुन्हा पाहून घ्या. सीआर२०३२ आणि सीआर२०१६ या दोघांचा व्यास २० मिलिमीटर आणि दाब ३ व्होल्ट असतो, पण पहिल्याची जाडी ३.२ तर दुसऱ्याची १.६ मिलिमीटर असते. जाड सेलच्या जागी पातळ बसवला की तो आत खुळखुळतो आणि नेमकी तुम्ही सांगितलेली लक्षणे दिसतात.

दुपारची_सावली :

दोघांचे मनापासून आभार. फॉइलचा प्रयोग केला : इंजिन चालू होऊन लगेच बंद पडले आणि दिवा लुकलुकला, म्हणजे चिप आहे. सेल योग्य जाडीचाच निघाला. आता प्रश्न उरतो तो असा, की चावीवाला ज्याला ‘हुबेहूब’ म्हणतो त्यात चिपही येते का, आणि वापरलेला रिमोट घेणे शहाणपणाचे आहे का.

दशमान :

वापरलेल्या रिमोटपासून सुरुवात करतो, कारण पैसे तिथे सर्वांत जास्त वाया जातात. बटण दाबले की रिमोट दर वेळी नवा संकेत पाठवतो. रिमोटमध्ये आणि गाडीत एकेक मोजणी चालू असते आणि आधी येऊन गेलेला संकेत गाडी पुन्हा स्वीकारत नाही. खिशात बटण चुकून दाबले गेले तरी बिघडत नाही, कारण गाडी पुढच्या काही संकेतांपर्यंत सवलत देते. या रचनेमुळे रिमोटची खरी ‘नक्कल’ व्यवहारात निरुपयोगी ठरते : दोन रिमोटांना एकच ओळख दिली, तर जो पुढे जाईल तो चालेल आणि मागे राहिलेला गाडीला शिळा वाटेल. म्हणून दुसरा रिमोट नेहमी स्वतःची वेगळी ओळख घेऊनच यावा लागतो आणि गाडीला तो नव्याने शिकवावा लागतो. अनेक जुन्या गाड्यांमध्ये हे काम कोणत्याही यंत्राशिवाय होते. इग्निशन ठरावीक वेळा चालू-बंद करून रिमोटचे बटण दाबायचे असते आणि दारांची कुलपे आपोआप खटकन वाजून होकार देतात. तुमच्या गाडीची पद्धत माहितीपुस्तिकेत असेल तर उत्तम. मात्र काही कंपन्यांचे रिमोट एका गाडीशी एकदा जुळले की कायमचे तिचेच होतात, आणि असा वापरलेला रिमोट कितीही स्वस्त मिळाला तरी तो दुसऱ्या गाडीला शिकवता येत नाही. भाग क्रमांक आणि लहरींची वारंवारता या दोन्ही गोष्टी तंतोतंत जुळल्याशिवाय, आणि जोडून देणाऱ्याने ‘जुळला नाही तर परत घेईन’ असे म्हटल्याशिवाय तो घेऊ नये.

चिपची गोष्ट निराळी आहे. तिची नक्कल खरोखर होऊ शकते. सर्वांत जुन्या चिपा एकच ठरावीक क्रमांक सांगत, त्यामुळे तो वाचून कोऱ्या चिपमध्ये उतरवणे सोपे होते. पुढच्या पिढीत गाडी चिपला एक कोडे घालते आणि चिप गुप्त सूत्राने त्याचे उत्तर देते. परंतु या सूत्रांपैकीही अनेकांची ताकद काळाच्या ओघात अपुरी ठरली. एका फार पसरलेल्या चिपचे ४० बिटांचे गुपित संशोधकांनी २००५ सालीच उकलून दाखवले. त्यामुळे तुमचा चावीवाला फुशारकी मारत नसावा. माझ्या मते तुमच्यासाठी नक्कल हाच सुरक्षित मार्ग आहे, कारण तिच्यात गाडीच्या स्मृतीला हातच लागत नाही आणि गाडीचा गुप्त पिन क्रमांकही लागत नाही.

कुलूपबंद :

शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. नक्कल केलेली चिप आणि मूळ चिप यांत गाडीला फरक कळत नाही, हाच तिचा दोष आहे. उद्या दोनपैकी एक चावी हरवली, तर फक्त तेवढीच रद्द करता येत नाही. हरवलेली पुसली की घरातलीही पुसली जाते. शिवाय या बाईंची अडचण एका चावीपुरती नाही. आधीच्या मालकांकडची चावी कुठे तरी आहे आणि ती आजही ही गाडी चालू करू शकते. नवी चिप रीतसर नोंदवून घेतली, तर त्याच बैठकीत गाडीला किती चाव्या ठाऊक आहेत हे वाचता येते आणि हातात नसलेल्या पुसून टाकता येतात.

यासाठी पिन लागतो हे खरे. तो चावीच्या पट्टीबरोबरच्या कार्डावर असू शकतो, किंवा मालकीची कागदपत्रे आणि ओळखपत्र दाखवून निर्मात्याच्या विक्रेत्यामार्फत मिळू शकतो. कारागीर कागदपत्रे न मागता काम करायला तयार झाला, तर तो इतरांच्या बाबतीतही तसाच वागत असणार, हे ध्यानात घ्या. नोंदणीच्या दिवशी गाडीची बॅटरी पूर्ण भारित असावी. मध्येच दाब घसरला तर स्मृती अर्धवट लिहिली जाऊन चालती गाडीसुद्धा अडून बसू शकते.

पूर्ण संच बदलण्याचा सल्ला बहुधा सर्व चाव्या हरवल्या असतील असे गृहीत धरून दिलेला आहे. तशा वेळीही नियंत्रणपेटी उघडून स्मृतीच्या चिपमधला मजकूर थेट वाचणारे तंत्रज्ञ असतात, पण ते काम वेळखाऊ आणि जोखमीचे असते. काही जुन्या गाड्यांना तर नवी चावी शिकवण्यासाठी वेगळ्या रंगाची एक मुख्य चावीच लागत असे, आणि ती गहाळ झाली की पेटी बदलण्यावाचून गत्यंतर नसे. एक चालती चावी हातात असताना यांतले काहीच करावे लागत नाही, म्हणून हे काम याच महिन्यात उरका.

दशमान :

आधीच्या मालकांकडे राहिलेल्या चावीचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता. या प्रकरणात नोंदणीच योग्य आहे, हे मान्य. पिन मिळण्याची काहीच सोय नसेल, तर नक्कल ही दुसरी पसंती असू द्यावी. आणखी एक सांगतो, सल्ला विचारताना चावीच्या पात्याचे छायाचित्र कुठेही चढवू नका. स्पष्ट छायाचित्रावरून खाचांची मापे काढून चावी कापता येते.

दुपारची_सावली :

काम झाले, म्हणून कळवते. क्रमांकाची पट्टी मिळाली नाही, पण आधीच्या मालकांना पुन्हा फोन केल्यावर त्यांच्या जुन्या फायलीत पिनचे कार्ड निघाले. चावीचा क्रमांक कागदपत्रांच्या आधारे मिळवला आणि त्यावरून दोन पाती कापून घेतली. गाडीच्या स्मृतीत तीन चाव्या नोंदलेल्या आढळल्या, म्हणजे न सापडलेली एक नव्हे तर दोन होत्या. त्या दोन्ही पुसून नवी चिप नोंदवली. ती रिमोट नसलेल्या साध्या चावीत बसवली आहे आणि ती घरीच राहील. जुन्या रिमोटमध्ये सेलच्या पत्र्याचा सांधा तडकलेलाच होता. तो झाळून घेतल्यावर बटण पहिल्या दाबात चालते, त्यामुळे दुसरा रिमोट सध्या घेतलेला नाही.

एक शंका मात्र आहे. नवे पाते इग्निशनमध्ये सहज फिरते, पण चालकाच्या दारात ते थोडे अडखळते. कापण्यात चूक झाली असेल का?

कुलूपबंद :

इग्निशनमध्ये सहज फिरते, म्हणजे कापणी बरोबर आहे. दाराचे कुलूप इतकी वर्षे झिजलेल्या पात्याला सरावले आहे आणि आत धूळही साचली असणार. त्यात तेल घालू नका, कारण तेलावर धूळ चिकटून महिन्याभरात ते आणखी जड होते. ग्रॅफाइटची कोरडी पूड किंवा कोरडे वंगण चिमूटभर सोडून चावी वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर करा. पुसलेल्या दोन चाव्यांनी आता इंजिन चालू होणार नाही, पण त्यांच्या पात्यांनी दार अजूनही उघडेल, तेव्हा गाडीत काही मौल्यवान ठेवत असाल तर त्या दाराचे कुलूप पुढेमागे बदलून घ्यावे.