ऑनलाइन बैठकीत अडखळत बोलणे: सांगून टाकावे की लपवत राहावे?

संथवाणी (पुणे) यांचा प्रश्न

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचे काम करते आणि लहानपणापासून अडखळत बोलते. शाळेत सगळ्या वर्गाबरोबर प्रतिज्ञा म्हणताना माझा एकही शब्द अडत नसे. मात्र हजेरीच्या वेळी एकटीने ‘हजर’ म्हणायचे झाले की ‘ह’ घशातच रुतून बसे. पुढे अडणारे शब्द आधीच हेरून ते टाळायला मी शिकले आणि त्यात इतकी तरबेज झाले की माझ्याबरोबर काम करणाऱ्या बहुतेकांना माझे अडखळणे ठाऊकच नाही. हॉटेलात मिसळ खावीशी वाटत असताना ‘म’ अडेल या भीतीने पोहे मागवणे मला आता वावगेही वाटत नाही.

घरून काम सुरू झाल्यापासून मात्र हे कसब तोकडे पडू लागले आहे. बैठकीत प्रत्येक जण क्रमाने आपले काम सांगतो. माझी पाळी जवळ येऊ लागली की इतरांचे बोलणे कानांवर पडते, पण डोक्यात शिरत नाही. शब्द अडला की शांतता पसरते आणि पलीकडून हमखास ‘आवाज येत नाही, नेटवर्क गेले का?’ अशी विचारणा होते. मी चॅटमध्ये ‘हो, नेटवर्क’ असे लिहून मोकळी होते. नव्या ग्राहकाला ओळख करून देताना तर पळवाटच नसते, कारण स्वतःच्या नावाला पर्यायी शब्द शोधता येत नाही. हे सगळे टीमला सांगून टाकावे का?

दुसरा प्रश्न इतरांसंबंधीचा आहे. अडखळणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअॅप गटात मी आहे. तिथे महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा रात्री उशिरा निराशेचे संदेश टाकतो आणि त्यावर पंधरा जण पंधरा उपाय सुचवतात. मला त्याला धीर द्यायचा आहे, पण नेमके काय लिहावे ते कळत नाही.

गोदाकाठ (नाशिक)

ताई, मी बँकेच्या काउंटरवर नोकरी करून निवृत्त झालो आणि अजूनही अडखळतो. सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही लपवण्यासाठी जितकी शक्ती खर्च करता तितकी प्रत्यक्ष अडखळायला लागत नाही. वाक्य सुरू करण्याआधीच त्यातले चार शब्द पुढे पाहायचे, त्यांतला अडणारा वगळायचा, त्याच्या जागी दुसरा बसवायचा आणि हे चेहऱ्यावर दिसू द्यायचे नाही, एवढा उद्योग दिवसभर चालला तर संध्याकाळी माणूस थकणारच.

मात्र सांगताना माफी मागू नका आणि कहाणीही सांगू नका. ‘मी अडखळत बोलते. मध्ये थांबले तर नेटवर्क गेलेले नसेल, मला थोडा वेळ द्या,’ इतके पुरते. माझ्या शाखेत नवा माणूस आला की मी पहिल्याच दिवशी हे सांगत असे. त्यानंतर तो माझे वाक्य पुरे करायला धावत नसे आणि मलाही तो काय समजत असेल याचा हिशेब ठेवावा लागत नसे. काही जण हसतील. हसणारे न सांगताही हसतातच.

वाचोपचार (सोलापूर)

मी स्पीच थेरपिस्ट आहे, म्हणून या संदर्भातील काही गोष्टी नोंदवते. अडखळणे बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होते. त्यातली बरीच मुले पुढे आपोआप सुरळीत बोलू लागतात, आणि मोठेपणी सुमारे एक टक्का लोकांमध्ये ते टिकून राहते. प्रौढांत पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या सुमारे चौपट असल्यामुळे अडखळणाऱ्या मुलीला आपल्यासारखी दुसरी क्वचितच भेटते. तुमच्या लपवण्यात या एकटेपणाचाही वाटा असावा. मेंदूतील वाचाव्यवस्थेची घडण आणि आनुवंशिकता यांच्याशी अडखळण्याचा संबंध आहे, आणि 2010 मध्ये काही कुटुंबांच्या अभ्यासातून त्याच्याशी निगडित जनुकेही सापडली. भित्रेपणा किंवा आईवडिलांचा धाक हे त्याचे मूळ कारण नव्हे, जरी ताणामुळे ते वाढत असले तरी. समूहात प्रतिज्ञा किंवा आरती म्हणताना ते बहुधा नाहीसे होते, हा तुमचा अनुभव सार्वत्रिक आहे.

वेखंड उगाळून चाटवणे, अक्कलकरा चघळणे, तोंडात खडे धरून बोलणे, यांनी अडखळणे थांबते याला आधार नाही. महिनाभरात ‘शंभर टक्के बरे’ करण्याची हमी देणाऱ्या ऑनलाइन जाहिरातींकडेही संशयानेच पाहावे. उपचारांत आम्ही शब्दावर जोर न लावता पहिला ध्वनी हलकेच लांबवायला शिकवतो, आणि अनेकांना विचित्र वाटते अशी एक गोष्टही करायला लावतो: न अडणाऱ्या शब्दावरही मुद्दाम, सैलपणे अडखळायचे. ज्याची धास्ती आहे ते स्वतःच्या मर्जीने केले की धास्ती हळूहळू ओसरते. तुम्हाला मिसळच मागवायची असेल तर सरावाला ती जागा उत्तम आहे. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. तेथे तपासणी आणि उपचार दोन्ही होतात.

त्या मुलाविषयी: उपाय सुचवण्याआधी त्याला आज काय घडले ते विचारा. ‘सगळे ठीक होईल’ असे लिहिले की त्याच्यापाशी पुढे बोलायला काही उरत नाही. ‘आज तोंडी परीक्षा होती का? मला ते ठाऊक आहे’ असे लिहिले तर उरते. जगणे नकोसे झाल्यासारखे काही त्याने लिहिले, तर गटात चर्चा न करता त्याच्याशी खासगीत संपर्क साधा आणि जीव देण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने असा विचार मनात पेरला जात नाही. त्याच्याजवळच्या कुणाला तरी कळवा आणि टेलीमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक द्या. ही सरकारी सेवा 2022 मध्ये सुरू झाली, ती मोफत व चोवीस तास असते आणि मराठीतही बोलता येते. फोनवर बोलणे हीच त्याची अडचण असू शकते, त्यामुळे त्याची तयारी असेल तर कॉन्फरन्स कॉलवर तुम्ही सोबत राहा.

ठाणेकर_लीड

मी एका टीमचा प्रमुख आहे आणि माझ्या टीममध्ये अडखळणारा एक सहकारी आहे. त्याने सांगितल्यावर आम्हाला फार काही बदलावे लागले नाही. ‘आवाज येतोय का’ असे मध्येच विचारायचे नाही, शब्द सुचवायचा नाही आणि तो थांबला म्हणून पुढच्याला बोलवायचे नाही, इतकेच. ‘सावकाश बोल’, ‘दीर्घ श्वास घे’ असे सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण समोरच्याला त्यातून आपल्या बोलण्याकडे लक्ष गेल्याचेच कळते, मुद्द्याकडे नव्हे.

गोदाकाठ काकांशी मात्र एका बाबतीत माझा मतभेद आहे. नोकरीच्या मुलाखतीत सुरुवातीलाच सांगावे की नाही, हे समोरचे कोण आहेत ते पाहून ठरवावे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे, पण त्याची व्याख्या कायमस्वरूपी, शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणांची असल्याने प्रत्येक अडखळणाऱ्याला तिचा आधार मिळेलच असे नाही. मिळालेल्या नोकरीत रुळल्यावर सांगणे आणि नोकरी मिळण्याआधी सांगणे यांत फरक आहे.

गोदाकाठ (नाशिक)

मुलाखतीपुरते मान्य. तरी पहिलाच प्रश्न ‘आपले नाव सांगा’ असा असतो, आणि तिथे माझे न सांगताच सगळ्यांना कळायचे.

संथवाणी (पुणे)

सर्वांचे आभार. काल रात्री त्या मुलाला खासगीत विचारले. वर्गातील सादरीकरणात त्याला मध्येच खाली बसवले होते. त्याने बरेच काही लिहिले, मी वाचत राहिले आणि उपाय एकही सुचवला नाही. जीव देण्याचा विचार नसल्याचे तो म्हणाला. क्रमांक त्याने जपून ठेवला आहे. आता टीमला सांगण्यासाठी काकांची दोन वाक्ये लिहून घेतली आहेत. एवढेच विचारायचे आहे की ती बैठकीच्या सुरुवातीला सांगू की माझी पाळी आल्यावर?

ठाणेकर_लीड

सुरुवातीलाच सांगा. पाळीची वाट पाहण्यातच तुमची निम्मी बैठक जाते असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा तुमच्या लीडला आदल्या दिवशी संदेश पाठवून पहिली पाळी मागून घ्या. कारण लिहायला जड जात असेल तर नुसते ‘उद्या मी सुरुवात करते’ असे लिहिले तरी चालेल.