सी मध्ये स्ट्रिंग जोडायला स्वतःची लायब्ररी लिहावी की तयार घ्यावी?

शून्यांत:
सी मधल्या प्रोग्रॅममधून जेसन (माहिती देण्याघेण्याचा मजकुरी साचा) आणि लॉगच्या ओळी बाहेर काढायच्या आहेत. सध्या ठरावीक आकाराचा बफर (मजकूर साठवायची मेमरीतली जागा) आणि सगळीकडे स्ट्रकॅट, म्हणजे एका स्ट्रिंगच्या (मजकुराच्या) शेवटी दुसरी जोडणारं सीचं फंक्शन. मजकूर वाढला की प्रोग्रॅम रेंगाळतो, आणि बफर पुरेल का ही धास्ती वेगळीच. आपोआप वाढणारा बफर शंभरेक ओळींत होईल असं वाटतंय. लिहून टाकू का? लिनक्स आणि विंडोज दोन्हींवर चालायला हवं.

खटपट्या:
रेंगाळणारच. स्ट्रकॅट दर वेळी पहिल्या बाइटपासून चालत जाऊन शेवट शोधतो. फक्त लिनक्स असतं तर पॉझिक्स 2008 या युनिक्स-मानकातलं, आपोआप वाढणाऱ्या मेमरीत लिहिणारं ओपन_मेमस्ट्रीम सुचवलं असतं, पण ते विंडोजवर नाही.

कडेलोट:
शंभर ओळीत होईल, मान्य. तरी लिहू नका असंच मी म्हणेन. हाताने लिहिलेल्या अशा लायब्ऱ्या मी पुष्कळ तपासल्या आहेत. त्यांत जोडण्याचं काम बरोबर असतं, घोळ असतो तो कडेकपारीत. साच्यात मूल्यं भरून मजकूर बनवणारं व्हीएसएनप्रिंटएफ लांबी मोजायला एकदा बोलावलं की व्हीए_लिस्ट (त्या मूल्यांची यादी) वापरून संपते. आधी व्हीए_कॉपीने तिची प्रत केली नसेल, तर तेच कोड एका मशीनवर नीट चालतं आणि दुसऱ्यावर कोसळतं. आकार दुप्पट करताना साइज_टीची (आकार मोजायच्या संख्याप्रकाराची) मर्यादा ओलांडली जाऊ शकते. मेमरीचा आकार बदलणाऱ्या रिअ‍ॅलॉकने नल (रिकामा पॉइंटर, म्हणजे मेमरी मिळाली नाही) दिला आणि तो थेट जुन्या पॉइंटरमध्येच भरला, की जुनी मेमरी गळालीच.

एसडीएस ही तयार स्ट्रिंग-लायब्ररी घ्या. रेडिस हा डेटाबेस तीच वापरतो, परवाना बीएसडी, आणि तिची स्ट्रिंग थेट प्रिंटएफला देता येते. जोडल्यावर परत आलेला पॉइंटर मात्र न चुकता ठेवून घ्या, जुना मेलेला असू शकतो. आणि स्ट्रिंग स्वतःलाच जोडू नका. जागा हलली तर स्रोतच नाहीसा होतो, याची काळजी एसडीएसही घेत नाही. गिटची (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची) स्ट्रबफ मला फार आवडते, पण ती जीपीएल 2 खाली आहे, म्हणजे प्रोग्रॅम बाहेर दिला तर आपलाही सोर्स द्यावा लागतो, आणि मेमरी संपली की सरळ प्रोग्रॅमच बंद करते.

शून्यांत:
परवान्याचं बरं सांगितलंत, प्रोग्रॅम बाहेर द्यायचा आहे. मग जेसनही एसडीएसनेच जोडू?

कडेलोट:
नको! स्ट्रिंग जोडणारी लायब्ररी अवतरणचिन्हं, उलट्या तिरक्या रेघा, 32 च्या खालची नियंत्रण अक्षरं यांची दखल जेसनच्या नियमाने घेणार नाही. एखाद्या नावात एक अवतरणचिन्ह आलं की पुढचा पार्सर (जेसन वाचणारा कोड) अडलाच. तिथे सीजेसन ही जेसनसाठीची तयार लायब्ररी वापरा, परवाना एमआयटी. फक्त ती जेसनचं सगळं झाड (पूर्ण रचना) मेमरीत उभं करते, तेव्हा आउटपुट किती मोठं आहे ते बघा.

शून्यांत:
लहानच आहे, बसेल. जेसनला सीजेसन, लॉगला एसडीएस. आधी विंडोजवर बिल्ड करून बघतो.