'संत तुकाराम' (1936) आणि आपल्या घरातल्या आवल्या – अनुभव सांगा

लसूणपाकळी:
काल रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर प्रभातचा 'संत तुकाराम' लावला आणि आजी आठवली. आषाढीला टीव्हीवर लागायचा तेव्हा आजी लसूण सोलत बसायची, सगळा पिक्चर हात चालू. फक्त तुकोबांची बायको आवली आजारी पोराला घेऊन देवळात शिरते आणि विठोबावर चप्पल उगारते ना, तिथे हात थांबायचा. सोललेली पाकळी बोटात तशीच. हळूच म्हणायची, "मार गं, मार." आम्ही पोरं हसायचो. खूप उशिरा कळलं की आजीची पहिली मुलगी तापानं गेली तेव्हा आजोबा वारीला गेलेले होते. आजीनं देवाला नमस्कार कधी सोडला नाही पण वारीला मात्र जन्मात गेली नाही. तुमच्याकडे कुणाचं असं काही असेल तर लिहा ना.

पेठकर:
अगं काय लिहिलंस. डोळ्यात पाणी आलं, ऑफिसात आहे.

डेक्कनचा:
आमचे आजोबा सांगायचे, थेटरात लोक चपला काढून बसायचे. मुंबईत सेंट्रल थेटरला 57 आठवडे चालला, वर्षाच्या वर! 1937 ला व्हेनिसच्या महोत्सवात पण गौरव झाला. पण मला सगळ्यात भारी वाटतं ते आवली झालेल्या गौरीचं. ती प्रभातमध्ये झाडलोटीच्या कामाला होती म्हणतात, आणि दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी तिला आवली केलं. म्हणून ती म्हैस, ते शेण, ती वसवस खरी वाटते. तुकोबा झालेले पागनीस आधी नाटकात बायकांची कामं करायचे, तो मऊपणा तुकोबात उतरलाय. आता पुण्यातल्या प्रभातच्या त्या स्टुडिओत फिल्म इन्स्टिट्यूट आहे, मी रोज तिथूनच जातो.

चिकित्सक_सातारा:
मी देव मानत नाही. लहानपणी ते गरुडाचं विमान बघून वडलांना विचारलं, माणूस सदेह कसा जाईल वर? थोबाडीत बसली. पुढे कॉलेजात असताना परत बघितला तेव्हा लक्षात आलं की विमान वर जातं आणि आवली खाली राहते, पोरांसकट. शंका घेणारी बाई त्या पिक्चरनंच उभी केलीय आणि तिला कुठेही वाईट ठरवलेलं नाही, वाईट ठरवलाय तो अभंग चोरणारा सालोमालो. हे वडलांना सांगायचं राहून गेलं.

माळकरी:
@चिकित्सक, दादा राग मानू नका, आम्ही तीन पिढ्या माळकरी. माझी आई म्हणायची, आवलीनं देवाला शिव्या दिल्या कारण तिला तो घरातलाच वाटायचा, परक्याला कोण शिव्या देतं? वडलांचं ऐकून वाईट वाटलं.

चिकित्सक_सातारा:
राग कसला. आईंना नमस्कार सांगा.

माळकरी:
गेली हो मागच्या वर्षी. पण सांगतो.

कीर्तनाची_आवड:
'आधी बीज एकले' आमचे काका कीर्तनात तुकोबांचा अभंग म्हणून चाळीस वर्षं म्हणायचे. मी त्यांना दाखवलं की हे शांताराम आठवल्यांनी पिक्चरसाठी लिहिलंय, गाथेत नाहीये. काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कीर्तनात आधी आठवल्यांचं नाव घेतलं आणि मग तेच पद म्हटलं, आणि काय म्हटलं!! मला वाटलेलं सोडून देतील.

पेठकर:
केशवराव भोळ्यांची चाल आहे ना ती? आईला ऐकवायचंय, कुणी लिंक द्या प्लीज.

कीर्तनाची_आवड:
हो त्यांचीच. देते संध्याकाळी, आता भाजी करपतेय 😀

सासर_आळंदी:
थोडं वेगळं सांगते. तुकाराम बीजेला, म्हणजे तुकोबा वैकुंठाला गेले त्या तिथीला, आईला घेऊन देहूला गेले होते, फाल्गुनातलं ऊन, माणसावर माणूस. दुपारी बाराला नांदुरकीचा वृक्ष हलतो अशी श्रद्धा आहे. मी आधीपासून वारा बघत होते, शेजारच्या बाईच्या पदराचं टोक, पताका. बारा वाजले, लोकांनी फुलं उधळली, "तुकाराम तुकाराम". पानं हलली. पताका पण हलली, खरं सांगते. आईनं विचारलं, "दिसलं का गं?" मी हो म्हटलं. पानं हललीच होती की. तिच्या हाताला इतका घाम आलेला, माझं मनगट सोडेना. अजून ठरवता येत नाही मी खोटं बोलले का.

माळकरी:
नाही बोललात ताई.

पेठकर:
यंदा बीजेला कोण कोण येतंय देहूला? पार्किंग कुठे करायचं?

डेक्कनचा:
गाडी नेऊच नका. देहूरोडला लोकलनं उतरा.

लसूणपाकळी:
सगळ्यांचं वाचलं, दोनदा. आत्ता आईला फोन केला, त्या मुलीचं काही विचारलंच नव्हतं कधी. आई म्हणाली, पोरीचे चांदीचे वाळे आजीनं देव्हाऱ्यात विठोबाच्या मूर्तीमागे ठेवले होते, रोज पूजा करताना मूर्ती पुसायची आणि वाळेही पुसायची. मी त्या देव्हाऱ्यासमोर वाढले आणि मला आज कळतंय. कुकर झालाय, मुलं आली, नंतर लिहिते.