भावाला बीजीएमआयमध्ये करिअर करायचंय, डिप्लोमा सोडू द्यावा का?

सांगलीची_ताई:
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा आहे, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बीजीएमआय (पबजीसारखा मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम) खेळतो, त्याची चार जणांची टीम आहे आणि हा त्यात आयजीएल, म्हणजे खेळताना डावपेच ठरवणारा कॅप्टन, आहे म्हणे. आता म्हणतोय डिप्लोमा सोडून फुल टाइम इस्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, करतो. बाबा म्हणतात हा जुगार आहे, आई दोघांच्या मधे अडकलीय. मला त्याला नुसतं गप्प बसवायचं नाहीये, पोरगा खरंच मेहनत घेतो, मॅच झाली की वहीत लिहून काढतो कुठे चुकलं ते. पण यात खरंच पोट भरतं का, आणि त्याच्यासारख्याला पुढे काय काय करता येतं, हे कोणी आतलं माणूस सांगेल का?

झोन_रोटेशन:
ताई, मी काही वर्षं स्पर्धेत खेळलोय, आता ऑब्झर्व्हर म्हणून (मॅचचं प्रक्षेपण दाखवायचं) काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी खेळाडूचं गणित. एका लॉबीत, म्हणजे एका मॅचमध्ये, १६ टीम, म्हणजे ६४ खेळाडू, आणि मोठ्या स्पर्धेच्या फायनलला एवढेच पोचतात, खाली हजारो टीम त्याच जागांसाठी भांडत असतात. २०२४ ची बीजीआयएस (बीजीएमआयची देशातली मोठी स्पर्धा) फायनल हैदराबादला झाली, बक्षीस एकूण २ कोटींचं, ऐकायला खूप वाटतं पण ते सगळ्या टीममध्ये वाटलं जातं, मग टीममधल्या पोरांमध्ये, मग करारात असेल तसा ऑर्गचा (टीम सांभाळणाऱ्या संस्थेचा) वाटा आणि वर टॅक्स. ज्यांना ऑर्गकडून दर महिन्याला पगार आहे तेच निवांत खेळू शकतात, बाकीचे घरच्यांच्या जिवावर.

दुसरं म्हणजे गेमच हातातून जाऊ शकतो. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइल बंद झाला, मग त्याचीच भारतासाठीची आवृत्ती म्हणून बीजीएमआय आला २०२१ ला, तोही जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून काढला आणि परत यायला मे २०२३ उजाडलं. त्या दहा महिन्यांत चांगली चांगली पोरं गावी परत गेली, ज्यांच्याकडे शिक्षण किंवा दुसरं काम होतं तीच टिकली. म्हणून शेवटचं वर्ष सोडू देऊ नका, अगदी हात जोडून सांगतो.

पण खेळणं म्हणजेच इस्पोर्ट्स नाही, हे त्याला नक्की सांगा. आमचंच काम बघा. स्ट्रीमवर प्रेक्षकाला जे दिसतं ते ऑब्झर्व्हर निवडतो. ६४ जण एकाच वेळी खेळतायत, सर्कल (मॅपवरचा सुरक्षित भाग) आवळत चाललंय, मला मॅपवर दोन टीम एकाच डोंगराकडे निघालेल्या दिसतात आणि पहिली गोळी सुटायच्या आधी मी त्या खेळाडूवर पोचलेलो पाहिजे, कानात डायरेक्टर ओरडत असतो, गोळी सुटल्यावर पोचलो तर फाइट गेली. हे काम गेम कळणाऱ्यालाच जमतं, नुसत्या कॅमेरावाल्याला नाही. आयजीएल असलेल्या पोराला तर रोटेशन, म्हणजे टीम मॅपवर कुठून कुठे सरकणार ते, आधीच वाचता येतं. तसंच कास्टर (कॉमेंट्री करणारे), अ‍ॅनालिस्ट, पॉइंट टेबल सांभाळणारे टूर्नामेंट अ‍ॅडमिन, ग्राफिक्स, हायलाइट्स कापणारे एडिटर. एका मोठ्या इव्हेंटमागे स्टेजवर दिसतात त्यापेक्षा जास्त माणसं राबतात. सुरुवातीला पैसे कमी आणि इव्हेंटपुरतेच मिळतात, हेही खरं.

ठाण्याची_वकील:
बाबांच्या जुगाराच्या मुद्द्यावर लिहिते. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्राचा कायदा झाला, त्यात पैसे लावून खेळायचे गेम बंद केले आणि इस्पोर्ट्स वेगळं काढून त्याला मान्यता दिली. डिसेंबर २०२२ पासूनच इस्पोर्ट्स क्रीडा खात्याकडे आहे. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये भुजच्या तीर्थ मेहताने हर्थस्टोन या पत्त्यांच्या व्हिडिओ गेममध्ये कांस्य मिळवलं होतं, तेव्हा इस्पोर्ट्स प्रदर्शनी खेळ होता, पुढच्या हांगझो एशियाडमध्ये इस्पोर्ट्सला खरी पदकं लागली. हे बाबांना दाखवा.

मात्र टेलिग्रामवर एंट्री फी घेऊन 'पर किल' (गेममध्ये मारलेल्या दर खेळाडूमागे) पैसे देणाऱ्या पेड रूम चालतात ना, त्यापासून त्याला लांब ठेवा, ते इस्पोर्ट्स म्हणून खपवलं तरी कायद्यात बसणं अवघड आहे.

आणि कुठल्याही ऑर्गचा करार आला तर सही करायच्या आधी तीन गोष्टी वाचायच्या: बक्षिसात त्यांचा वाटा किती, मधेच सोडायचं झालं तर किती पैसे भरावे लागतील, आणि त्याच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनलच्या कमाईवर ते हक्क सांगतायत का. ट्रायलसाठी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणायचं.

कोल्हापुरी_स्क्वॉड:
माझ्या चुलत भावाचं असंच होतं, घरच्यांनी फोन काढून घेतला तर पोरगा महिनाभर बोलला नाही कोणाशी. फोन काढून घेऊ नका एवढंच. संध्याकाळी स्क्रिम्सची (सरावाच्या मॅचची) वेळ ठरवून द्या, जेवण आणि झोप चुकवायची नाही, अंगठा-मनगट दुखायला लागलं की थांबायचं.

सांगलीची_ताई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल त्याला हे सगळं वाचायला दिलं. डिप्लोमा पूर्ण करतो म्हणालाय, ऑब्झर्व्हरचं वाचून मात्र डोळे चमकले. झोनदादा, हे शिकायला सुरुवात कुठून करायची? मोठा पीसी घ्यावा लागेल का, तेवढं बजेट सध्या नाहीये.

झोन_रोटेशन:
नाही ताई, लगेच काही घेऊ नका. कॉलेजच्या किंवा गावातल्या छोट्या स्पर्धेत कस्टम रूममध्ये (आयोजकांनी उघडलेल्या खासगी मॅचमध्ये) ऑब्झर्व्हर म्हणून बसता येतं, फोनवरून. फोनची स्क्रीन कॅप्चर कार्डने (फोनचं चित्र लॅपटॉपवर आणणारं छोटं उपकरण) लॅपटॉपवर घ्यायची आणि ओबीएस या सॉफ्टवेअरमधून स्ट्रीम करायची, ओबीएस फुकट आहे. मित्राचा बरा लॅपटॉप असेल तर भागेल. दोन-चार स्पर्धांची रेकॉर्डिंग जमली की मला मेसेजमध्ये पाठवायला सांगा, मी बसून बघतो आणि कुठे उशिरा पोचला ते सांगतो.