मोठ्या जनावरासाठी मॅग्नम काडतूस खरंच लागतं का?

पल्लेदार
एल्क-मूससारख्या थोराड हरणांच्या शिकारीला निघालेले नवखे पहिली रायफलच .३०० विंचेस्टर मॅग्नमची (जास्त दारूच्या, जोरकस काडतुसाची) घेतात. हे मला अजिबात पटत नाही. .३०-०६ हे १९०६ सालचं काडतूस आजही पुरतं. १८० ग्रेनची (सुमारे ११.७ ग्रॅमची) गोळी सेकंदाला सुमारे २७०० फूट वेगाने सुटते, फुप्फुसांतून आरपार गेली की एल्क फार लांब जात नाही. मॅग्नमच्या धक्क्याची धास्ती बसते. मग चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, नळी हलते, गोळी पोटात लागते आणि जनावर तासन् तास हाल होऊन मरतं. दचकल्याशिवाय जी चालवता येते तीच रायफल घ्यावी.

दुनळी
पण जनावर नेहमी आडवं उभं राहतं का? तिरकं असेल तर गोळीला आधी खांद्याचं हाड फोडावं लागतं. तीच १८० ग्रेनची गोळी मॅग्नममधून सुमारे २९५० फुटांनी जाते. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास वीस टक्के जास्त. हा फरक मी सोडणार नाही. धक्का सरावाने अंगवळणी पडतो.

पल्लेदार
तिरकं असेल तर थांबावं, बार टाकू नये. आणि हाड फोडते ती गोळीची बांधणी. साधी शिसं-तांब्याची गोळी जवळून जास्त वेगाने आदळली तर हाडावरच फुटते. नोस्लर पार्टिशन १९४८ पासून मिळते, तिच्यात मधे तांब्याची आडभिंत असते, त्यामुळे मागचा अर्धा भाग शाबूत राहून आत घुसतो. काडतुसावर वाद घालणारे गोळीबद्दल बोलतच नाहीत! हत्तींचा प्रसिद्ध शिकारी बेल याने तर शेकडो हत्ती ७×५७ माउझर या लहान काडतुसाने मारले.

दुनळी
बेलचं नाव कृपा करून आणू नका. हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे असतो याचा त्याने बारकाईने अभ्यास केला होता, आणि तो न पसरणाऱ्या सॉलिड गोळ्या वापरायचा. ते कसब किती जणांकडे आहे? आफ्रिकेतल्या अनेक देशांत धोकादायक जनावरांसाठी .३७५ इंच व्यासाची गोळी ही किमान मर्यादा ठेवली आहे, ती उगीच नाही. जखमी जंगली रेडा झुडपात शिरला की त्याच्या मागावर माणसाला जावं लागतं. तिथे १९१२ सालचं .३७५ एच अँड एच आणि त्याची ३०० ग्रेनची गोळी, याहून कमी काही नको.

मागकाढ्या
रेड्याबद्दल दुनळींशी सहमत. पण मूससाठी नाही. स्वीडनमध्ये पिढ्यान् पिढ्या ६.५×५५ या बारीक व्यासाच्या काडतुसाने मूस मारतात. तिथला नियम पाहा: गोळी किमान १० ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर २००० ज्यूल पुरतात, ९ ग्रॅमची असेल तर मात्र २७०० लागतात. जड गोळीला ही सवलत आहे, कारण बारीक व्यासाची लांबट गोळी कमी वेगातही खोल जाते.

दुनळी
तिथे मूसवर बार बहुतेक जवळूनच होतो. मोकळ्या डोंगरउतारावर ४०० मीटरवरच्या एल्कचं काय?

पल्लेदार
तेवढ्या लांबून वाऱ्याचा अंदाज चुकला तर मॅग्नमचीही गोळी पोटातच जाणार. अजून १०० मीटर जवळ सरका.