प्रति: हाऊस किडनीचा डॉक्टर फक्त नावालाच?

'हाऊस' या अमेरिकन सिरियलमधला डॉक्टर हाऊस नावालाच नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचा डॉक्टर, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय ते पटलं, नेफ्रॉलॉजी आणि इन्फेक्शियस डिसीज दोन्हीचा स्पेशालिस्ट, पण डोकं सगळं निदानात. डायलिसिसचा कंटाळा सिरियलवाले दाखवणार तरी कसा म्हणा, आमचा गोव्यातल्या काणकोणचा मावसभाऊ आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनवर असतो. हातात फिस्टुला केलाय, म्हणजे शीर धमनीला जोडलेली, वर बोट ठेवलं की आत थरथर लागते, रोज सकाळी तो आधी तीच चाचपतो, कारण ती बंद म्हणजे रस्ता चोंदला, लगेच हॉस्पिटल. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही. आणि निदानाचीच हौस असेल तर काणकोणात या, डायबेटिस-बीपी नसलेल्यांच्याही किडन्या जातात आणि वर्षानुवर्षं कारण शोधतायत.