पीवायपी आणि राष्ट्रीय अभ्यासक्रम: मेळ कसा घालता?

प्रश्न (चौथीची वर्गशिक्षिका):
आमच्या शाळेत आयबीचा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) पीवायपी, म्हणजे त्यांचा प्राथमिक वर्गांसाठीचा कार्यक्रम, आणि राष्ट्रीय अभ्यासक्रम दोन्ही चालतात. वर्षाला सहा युनिट्स, शिवाय पाठ्यपुस्तकही संपवायचं. पाण्याच्या युनिटमध्ये मुलं ‘डबक्यातलं पाणी जातं कुठे?’ यात रमलीत आणि तिकडे अपूर्णांक मागे पडलेत. मुलांची ती उत्सुकता मला मोडायची नाहीये. काय करू?

उत्तर १:
ताई, पीवायपी ही चौकट आहे, कोणता धडा घ्यायचा हे ती ठरवून देत नाही. आधी राष्ट्रीय अभ्यासक्रमातल्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलांना काय यायला हवं ते, कागदावर उतरवा आणि पीवायपीच्या सहा सूत्रांपैकी (युनिट्स ज्यावर बेततात ते मोठे विषय) कोणत्या सूत्रात कोणती निष्पत्ती बसते ते बघा. बाष्पीभवन तुमच्या युनिटमध्ये आहेच. डबक्याच्या कडेने दर तासाला खडूची रेघ मारायला लावा, घेर दोऱ्याने मोजायला लावा. मापन तिथेच होऊन जातं. अपूर्णांक मात्र ओढूनताणून घुसवू नका, त्यांचा तास वेगळाच ठेवा. स्वतंत्र विषय शिकवायला पीवायपीत पूर्ण मुभा आहे. बरेच जण हे विसरतात आणि उगाच दमतात.

उत्तर २:
पीवायपीच्या शेवटच्या वर्षी मुलं स्वतः शोध घेऊन जे प्रदर्शन मांडतात, त्यात आठवडेच्या आठवडे जातात. त्या सत्रातला पाठ्यपुस्तकाचा भाग आधीच उरकून घ्या.

प्रश्नकर्ती:
खडूचं उद्याच करते. निष्पत्तींची यादी मी एकटीने केली तर चालेल?

उत्तर १:
नको. सगळ्या इयत्तांचे शिक्षक एकत्र बसा. नाहीतर बाष्पीभवन तिसरीतही येतं, चौथीतही येतं आणि नकाशावाचन कुणाच्याच वाट्याला येत नाही.